‘आहे’च्या जागी ‘असावं’: आपल्याच मनाची उलटतपासणी सुरू करताना

कोरा कागद, पेन आणि दहा मिनिटं जवळ असतील तरच पुढे वाचा. हा विषय नुसता वाचून कळल्यासारखा वाटतो आणि घोटाळा तिथेच होतो. ‘मन फसवतं’ हे सगळ्यांनाच पटतं, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तेव्हा दुसराच कुणीतरी असतो. स्वतःचं मन रंगेहाथ पकडायचं तर सुरुवात डोळ्यांपासून केलेली बरी. रागलोभ, मतं, नाती यांना थेट हात घातला की मन लगेच वकील उभा करतं. डोळ्यांच्या बाबतीत त्याचा अहंकार तेवढा दुखावत नाही.

पहिली पायरी: डोळ्यांची परीक्षा

कागदावर डाव्या बाजूला एक छोटी फुली काढा. तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर अर्ध्या सेंटिमीटरचा काळा ठिपका भरा. आता डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. नजर ठिपक्याकडे वळू द्यायची नाही. तो कडेला नुसता जाणवत राहील. कागद ३० सेंटिमीटरच्या आसपास आला की ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणलात की परत येतो. पहिल्या खेपेला जमलं नाही तर बहुधा नजर सरकली असेल, पुन्हा करा.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा अंधबिंदू १६६० च्या दशकात दाखवून दिला. तोवर माणसं पिढ्यान् पिढ्या प्रत्येक डोळ्यात एक भोक घेऊन वावरली आणि कुणाला त्याचा पत्ता लागला नाही.

पत्ता का लागला नाही, हे जास्त महत्त्वाचं. ठिपका गेला तेव्हा त्याच्या जागी काय दिसलं, ते आठवा. काळं भोक दिसलं नाही, अंधार दिसला नाही. पांढरा अखंड कागद दिसला. आता दुसऱ्या कागदावर तशीच फुली काढा आणि ८ सेंटिमीटरवर एक जाड उभी रेघ ओढा. फुलीच्या बरोबर समोर येईल तिथे रेघेत १ सेंटिमीटरची फट सोडा. फट अंधबिंदूत गेली की रेघ सलग दिसते. जी रेघ तुम्हीच तोडून काढली, ती तुमच्याच डोळ्यांना जोडलेली दिसते.

मेंदूजवळ माहिती नसते तेव्हा तो ‘माहिती नाही’ अशी पाटी लावत नाही. आसपास जे आहे त्यावरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज ‘दिसलं’ म्हणून आपल्या हातात ठेवतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याला नकळत होणारं अनुमान म्हटलं होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर आपण याच एका चोराच्या मागावर असणार आहोत, फक्त त्याचे कपडे बदलत जातील.

आरशाचा प्रयोगही करून बघा. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. डोळे हलताना दिसतात का? दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते लख्ख दिसतात. नजर उडी मारते तेवढ्या वेळेपुरतं मेंदू दृश्य दाबून टाकतो आणि मधला सांधा आपल्याला कळू देत नाही.

अजून एक, आकाश मोकळं असेल तेव्हा. क्षितिजालगतचा पौर्णिमेचा चंद्र परातीएवढा वाटतो. हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख त्याच्यासमोर धरा. चंद्र नखामागे सहज झाकला जातो. काही तासांनी तो डोक्यावर आला की पुन्हा तेच करा. तेवढंच नख पुरतं. आकाशात चंद्र व्यापतो ती जागा दोन्ही वेळा जवळपास अर्धा अंशच असते. आता गंमत अशी, की हे मोजून झाल्यावरही दुसऱ्या दिवशी क्षितिजावरचा चंद्र मोठाच दिसतो. १८८९ साली म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाने मांडलेल्या दोन रेघांचंही असंच: दोन्ही सारख्या लांबीच्या, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. पट्टीने शंभर वेळा मोजा, एक लांबच दिसणार.

नवशिके इथे हिरमुसतात. ‘कळूनही फरक पडत नसेल तर उपयोग काय?’ फरक पडतो, पण दिसण्यात पडत नाही. दोन रेघांपैकी लांब कोणती, असं कुणी विचारलं तर तुम्ही आता पट्टी मागाल. एवढंच साधायचं आहे. भास जाईल अशी आशा धरू नका. त्याच्याखाली सही करण्याआधी थांबायला शिका.

दुसरी पायरी: दोन रकाने

डोळ्यांवरून माणसांवर येऊ. एक वही घ्या, पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘जोडलं’. दिवसातून एकच प्रसंग लिहायचा, आणि तोही छोटा. पहिल्याच दिवशी दहा वर्षांपूर्वीचं भांडण काढून बसू नका.

समजा तुम्ही खोलीत शिरलात आणि ओळखीचा माणूस मोबाइलकडे बघत बसून राहिला. मनात जे उमटतं ते ‘त्याने मला टाळलं’. हे वाक्य कुठल्या रकान्यात जाईल? बहुतेक जण बेधडक डावीकडे लिहितात. माझी कसोटी सोपी आहे: खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा असता तर त्यात हे आलं असतं का? कॅमेऱ्यात आलं असतं ते एवढंच, की तो बसला होता, मान खाली होती, बोलला नाही. ‘टाळलं’ कॅमेऱ्यात येत नाही. ‘हिणवलं’, ‘दुर्लक्ष केलं’, ‘टोमणा मारला’, ‘भाव खाल्ला’, ‘तोंड वाकडं केलं’ यांतलं तोंड कदाचित येईल, बाकी काही नाही.

पहिले काही दिवस डावा रकाना इतका केविलवाणा दिसतो की लिहायचाच कंटाळा येतो. ‘फोन वाजला. तिने उचलला नाही.’ संपलं. आणि उजवीकडे अख्खी कादंबरी. मला स्वतःला हा असमतोल पाहून आधी हसू आलं, मग जरा धसकाच बसला, कारण उजवीकडच्या मजकुरावर मी कधीचे निर्णय घेत आलो होतो.

जोडलेलं सगळं खोटंच असतं असं मात्र नाही. माणूस खरंच टाळत असेल. रकाने खरं-खोटं ठरवायला नाहीत. माल कुठून आला याची नोंद ठेवायला आहेत.

तिसरी पायरी: तीन छोट्या शब्दांवर पाळत

या कामाची हत्यारं मराठीने आधीच घडवून ठेवली आहेत.

पहिलं, ‘असावं’. ‘ती रागावली आहे’ आणि ‘ती रागावली असावी’ या दोन वाक्यांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. पण दुसऱ्यात बोलणारा कबूल करतो, की मी हे खुणांवरून काढलं आहे. अंगण ओलं दिसलं की आपण सहज म्हणतो, ‘रात्री पाऊस पडला असावा.’ ओल्या अंगणाला जो मान देतो तो माणसांना देत नाही. उजव्या रकान्यातलं प्रत्येक ‘आहे’ खोडून तिथे ‘असावं’ लिहून पाहा. काही वाक्यं जशीच्या तशी तग धरतात. काही एकदम पोकळ वाटायला लागतात, आणि ती कोणती हे आधी सांगता येत नाही.

दुसरं, ‘म्हणे’. ‘त्याने नोकरी सोडली म्हणे.’ ऐकीव आहे, मी पाहिलेलं नाही, जबाबदारी माझी नाही, हे सगळं दोन अक्षरांत. पण हे ‘म्हणे’ फार दिवस टिकत नाही. पहिल्यांदा सांगताना असतं, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत गळून पडतं आणि उरतं ‘त्याने नोकरी सोडली’. एखादी ठाम माहिती मनात सापडली की तिच्या शेपटाला कधीकाळी ‘म्हणे’ होतं का, ते चाचपून बघा. कुणी सांगितलं होतं? त्याला कुणी सांगितलं होतं? पुष्कळदा दुसऱ्याच प्रश्नाला गाडी थांबते.

तिसरं, ‘च’. हे अक्षर फार तिखट आहे. ‘तो उशिराच येणार’, ‘माझंच चुकतं’, ‘कुणी विचारतच नाही’. आठवडाभर फक्त आपल्या बोलण्यातले ‘च’ मोजा, बाकी काही करू नका. आणि सर्वांत लबाड ‘च’ कुठला विचाराल, तर ‘मला वाटलंच होतं’ यातला. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी याची छान परीक्षा घेतली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघण्याआधी त्यांनी लोकांना विचारलं, की अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना ‘तेव्हा तुम्ही किती शक्यता सांगितली होती’ हे आठवून लिहायला लावलं. जे घडलं होतं त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना आठवू लागलं. कागदावर वेगळे आकडे होते.

यावर उपाय कागदाचाच. वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून अंदाज लिहून ठेवा: काय होईल, आणि खात्री दहापैकी किती. महिन्याने बघा. दहापैकी नऊ खात्रीचे अंदाज किती फसले ते मोजताना जरा ओशाळल्यासारखं होतं, पण शंभर लेख वाचून जे होत नाही ते त्या पानाने होतं.

चौथी पायरी: आणखी तीन कारणं

ही पायरी सांगायला सोपी आहे. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक कारणाखाली त्याच दिसलेल्या गोष्टीची आणखी तीन कारणं लिहा. अट एकच: त्यातलं एक तरी कारण असं हवं, की जे तुम्ही स्वतःच्या अशाच वागण्यासाठी दिलं असतं.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण नातेवाइकांवर वापरून मोकळे होतो. मानसशास्त्रात या खोडीचा भरपूर अभ्यास झाला आहे. ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला ‘मूलभूत’ चूक म्हटलं. दुसरा उशिरा आला तर तो बेपर्वा, मी उशिरा आलो तर रस्ता अडलेला. माझी परिस्थिती मला आतून दिसते. त्याची परिस्थिती माझ्या अंधबिंदूत पडते, आणि ती जागा मन त्याच्या ‘स्वभावाने’ भरून काढतं. सलग, फट न दिसता.

तीन कारणं लिहून झाली की शक्य असेल तिथे सरळ विचारा. आश्चर्य म्हणजे लोक वह्या भरतात, पण विचारत नाहीत. विचारताना आरोप आधी करू नका. ‘तू मला टाळत होतास का?’ याला उत्तर एकच मिळतं. ‘काल तू गप्प होतास, सगळं बरं आहे ना?’ यात फक्त डाव्या रकान्यातला मजकूर आहे.

पाचवी पायरी: आठवणींना साक्षीदार मागा

लहानपणी झाडावरून पडल्याची माझी आठवण अगदी स्वच्छ होती. सालीचा खरखरीतपणा, फांदीचा आवाज, खालून कुणीतरी ओरडलेलं. ती मी अनेकांना सांगितली. एकदा धाकटा भाऊ समोर बसला असताना सांगत होतो, तेव्हा त्याने काही न बोलता हनुवटी वर करून दाखवली. टाक्यांची खूण त्याच्या हनुवटीवर आहे. पडला तो होता. ओरडलो तो मी होतो.

मी खोटं बोलत नव्हतो, आणि हीच पंचाईत आहे. खोट्या आठवणीला आतून खोटेपणाची चव नसते. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचे मुख्य तपशील पहिल्या कागदाशी एकाही बाबतीत जुळले नाहीत, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

प्रश्न कसा विचारला यावरही आठवण वाकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताचं चित्रण दाखवलं. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना याहून जोरदार क्रियापद वापरून, गाड्यांचा ‘चक्काचूर’ झाला अशा अर्थाने विचारलं. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच कुठेच नव्हती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं, जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी.

करायचं काय? घरातल्या किंवा मित्रांतल्या कुणाबरोबर एक जुना सामाईक प्रसंग निवडा. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता लिहून काढा, मग कागद अदलाबदल करा. वाद घालायचा नाही, फक्त फरकांखाली रेघा मारायच्या. भांडणाचा प्रसंग निवडू नका, सहलीचा निवडा.

सहावी पायरी: आपलं म्हणणं पाडून बघा

२, ४, ६. हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही हवे तेवढे त्रिकूट सांगा, नियमात बसतं की नाही एवढंच मी सांगेन. नियम ओळखा.

पीटर वेसन यांनी १९६० मध्ये मांडलेला हा खेळ ओळखीच्या माणसांबरोबर जरूर खेळा. लोक सांगतात ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. मग विजयी चेहऱ्याने: ‘प्रत्येक वेळी दोन मिळवायचे!’ चूक. नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच आहे. १, ७, ९०० सुद्धा चाललं असतं, पण ते विचारायचं सुचत नाही, कारण आपण फक्त ‘हो’ मिळेल असेच प्रश्न विचारत जातो. आपला अंदाज बरोबर असेल तर ‘नाही’ असं उत्तर यायला हवं, असं एखादं त्रिकूट मुद्दाम सांगून बघणारा माणूस क्वचितच भेटतो.

वहीत याचं रूप असं: एखाद्या पक्क्या मताखाली लिहा, ‘काय दिसलं तर मी हे मत सोडेन?’ उत्तर ठोस हवं. ‘तो सुधारला तर’ हे चालणार नाही. ‘पुढच्या पाच भेटींत तीनदा वेळेवर आला तर’ हे चालेल. काहीही दिसलं तरी सोडणार नाही, असं उत्तर आलं तर तेही प्रामाणिकपणे लिहा. निदान त्या मतासाठी पुरावे गोळा करायचं नाटक तरी थांबेल.

कारणांबद्दल थोडक्यात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला माहीत असतं; तरी ‘अमुक केलं की तमुक होतं’ अशी आपली खासगी यादी असते. अशा प्रत्येक जोडीसाठी चार खणांची चौकट आखा: कावळा बसला, फांदी तुटली; बसला, पण तुटली नाही; बसला नाही, तरी तुटली; बसला नाही, तुटलीही नाही. मनाने आजवर फक्त पहिला खण भरलेला असतो. उरलेले तीन भरायला घ्या, काम झालं.

कुठे थांबायचं

नवा हातोडा मिळाला की सगळीकडे खिळे दिसतात. महिनाभरात तुम्ही समोरच्याला ‘हे तुझं गृहीतक आहे’ असं ऐकवू लागाल, तेव्हा वही काही दिवस बंद ठेवा. ही उलटतपासणी स्वतःची आहे. दुसऱ्याच्या दुःखावर, तक्रारीवर, भीतीवर ती चालवणं निव्वळ दुष्टपणा आहे. उलट, कुणी सतत तुम्हालाच सांगत असेल की तुला दिसलं ते खोटं, तुला आठवतं ते चुकीचं, तर तिथे डावा रकाना तारखेसह जपून ठेवा आणि तिसऱ्या विश्वासू माणसाला दाखवा.

ज्यांना आधीच शंकेचा त्रास आहे, कुलूप लागलं का हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं, एकच विचार रात्रभर फिरतो, त्यांनी या वाटेने एकटं जाऊ नये. त्यांच्या मनात प्रश्न कमी नाहीत, जास्त आहेत. त्यांनी आधी मानसोपचार करणाऱ्या जाणकाराशी बोलावं.

बाकीच्यांसाठी न्यायदर्शनातली, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातली, एक जुनी खूण उपयोगी पडते. त्यातल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या मुख्य विषयांत, ‘संशय’ हा स्वतंत्र गणला आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे अंधुक उजेडात दूर उभं असलेलं काहीतरी: खुंट की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच. हात-पाय दिसले तर माणूस, ढोली दिसली तर खुंट. पण यांतलं काहीच अजून दिसलेलं नाही. या संशयाला पुढे जायला वाट आहे: चार पावलं टाका आणि हात किंवा ढोली शोधा. तुमच्या शंकेला असा शोधण्याजोगा हात किंवा ढोली असेल तर ती ठेवा. नसेल, तर तो नुसता घोर आहे. वहीत नका लिहू, फिरायला जा.

वेळेचं म्हणाल तर मला सोसलेलं वेळापत्रक असं: पहिला आठवडा फक्त डोळ्यांचे खेळ, पुढचे दोन आठवडे दोन रकाने आणि शब्दांवर पाळत, मग बाकीचं हवं त्या क्रमाने. रोज दहा मिनिटांहून जास्त नाही. एखादा दिवस चुकला तर भरपाई म्हणून दोन प्रसंग लिहू नका. महिन्याच्या शेवटी उजवे रकाने सलग वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका शब्दाभोवती गोल करा. माझ्या वहीत तो शब्द ‘मुद्दाम’ निघाला. एका पानावर तर मी तो पावसाबद्दल लिहिला होता.